चोवीस बंदरं

पुंता अरेनासला ऑगस्टात दिवस येतो तो पाहुण्यासारखा,
उशिरा, आणि चहा निवायच्या आत उठतो.
खेकड्यांच्या कारखान्यात माझा पहिला आठवडा.
यास्ना बारियानं कपाटाचं दार उघडलं:
आत चपटी काळी पेटी, तिला चोवीस भोकं.
"पोर्ट," ती म्हणाली. आमच्याकडे बंदरालाही तोच शब्द;
मी तिच्या खांद्यावरून आधी बोटीच शोधल्या.

"हा स्विच. ह्याला कुणी काही शिकवत नाही.
कोण कुठल्या बंदरातून बोललं, तेवढं हा ऐकतो
आणि वहीत टिपतो: बारा अक्षरांचा पत्ता, पुढं बंदराचा आकडा.
वजनकाटा, तीन. बर्फाचं यंत्र, अकरा.
जो बोललाच नाही, तो ह्याला ठाऊक नाही.
त्याच्या नावे काही आलं
तर आलं ते दार सोडून हा उरलेली तेवीस वाजवतो."
"आणि बोलून मग गप्प बसला तर?"
"पाच मिनिटं थांबतो. मग ओळ खोडतो.
राग नसतो त्यात."

ह्याच्या आधी इथं हब होता.
त्याच्या पोटात काही राहायचं नाही,
एकाला सांगितलेलं गावभर.
दोघं एकदम बोलले की टक्कर, मग दोघंही गप्प,
मनातल्या मनात वेगवेगळे आकडे मोजून पुन्हा सुरू.
माझे आईवडील असेच बोलायचे.
आकडे मोजणं तेवढं त्यांना जमलं नाही.

"हिशेबाच्या खोलीची चूल वेगळी, कॅमेऱ्यांची वेगळी.
छप्पर एकच, पण शेजारच्या ताटात डोकवायचं नाही. व्हीलॅन.
वरच्या मजल्यावर मात्र दोघांचं सामान एकाच वायरीनं जातं,
गळ्यात चिठ्ठ्या बांधून. ती ट्रंक."
मी लिहून घेत होतो. माझं अक्षर थंडीनं वाकडं.

गुरुवारी रात्री पावणेतीनला सगळं ठप्प.
धक्क्याला बोट, बोटीत जिवंत खेकडे, काटा शून्यावर.
वारा असा, की कोपऱ्यावरचा दोर धरून रस्ता ओलांडावा.
कपाटात सगळे दिवे एका लयीत, अंगात आल्यासारखे.
"दवंडी," यास्ना म्हणाली. "निघाली ती फिरून परत येतेय,
एकीच्या दोन, दोनीच्या चार.
आपलाच ओरडा ऐकून हा पुन्हा ओरडतोय."
तिनं वायरी एकेक चाचपल्या
आणि एक निळी उपटली.
दिवे दचकले. मग जो तो आपापल्या नादात.

त्या वायरीची दोन्ही टोकं ह्याच पेटीत होती.

रखवालदार एव्हारिस्तो मान्सीया दारात उभा,
हातातला माते निवून गेलेला.
"लोंबकळत होती," तो म्हणाला. "वाटलं, बिचारीची जागा चुकलीय."
यास्ना रागावली, पण त्याच्यावर नाही.
स्पॅनिंग ट्री कधीकाळी कुणीतरी बंद करून ठेवलं होतं,
त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

ते चालू करून तिनं तीच निळी वायर पुन्हा खोचली, मला दाखवायला.
एका बंदराचा दिवा पिवळा झाला, आणि पिवळाच राहिला.
"वाट आहे, पण घेरा पडतो, म्हणून अडवून धरलीय.
हे आता बोलणार नाही. ऐकत राहील."
एव्हारिस्तो त्या पिवळ्याकडे बराच वेळ बघत होता.

दुसऱ्या रात्री मी वायरींना चिठ्ठ्या लावत बसलो.
गेटवरचा फोन सतरावा. वहीत त्याची ओळ नव्हती.
काम काही नव्हतं, तरी नंबर लावला.
पेटीनं दारोदार विचारलं असणार.
सतराव्याचा हिरवा दिवा लवला.

"कोण?"
"मी, कपाटापाशी आहे."
"परत बिघडलं?"
"नाही. वारा आहे का अजून?"
"आहे ना," तो म्हणाला,
आणि फाटकाची पाटी कशी उडाली, कुणाच्या अंगणात सापडली,
ती आणायला गेल्यावर त्या घरचं कुत्रं कसं मागं लागलं
ते सगळं सांगत बसला.

पाच मिनिटांच्या कितीतरी पुढं.